टाकीमागे टांगायचा स्किमर: आधी पाणी मोजा, मग स्किमर निवडा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: म्हापशातल्या फ्लॅटमध्ये २४ × १५ × १५ इंचांची खाऱ्या पाण्याची टाकी आठ महिन्यांपासून चालू आहे. आत दोन क्लाउनफिश, एक यलोटेल डॅमसेल, एक क्लीनर श्रिंप, थोडे झोआ आणि मशरूम (दोन्ही मऊ कोरलसारखे जीव), ८ किलो दगड आणि पातळ वाळू. सम्प (उपकरणं ठेवायची दुसरी टाकी) ठेवायला खाली जागा नाही. पाणी वागातोरहून कॅन भरून आणतो, टॉप-अपला, म्हणजे वाफ झालेल्या पाण्याची भर घालायला, घरच्या आरओचं पाणी वापरतो आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा पाणी बदलतो. दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ वाढलंय, नायट्रेट (मैला कुजून पाण्यात साठणारं, शेवाळाला खत ठरणारं) ४० पीपीएम दाखवतं. "स्किमरशिवाय खाऱ्या पाण्याची टाकी टिकत नाही," असं सगळे सांगतात. (स्किमर म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून फेसाबरोबर मैला बाहेर काढणारं यंत्र.) समोर तीन हँग-ऑन, म्हणजे टाकीच्या काठाला टांगायचे, स्किमर आहेत: लाकडी एअरस्टोनचा (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या ठोकळ्याचा) स्वस्त, १५० लिटरसाठीचा निडल व्हीलचा (काटेरी पंख्याचा), आणि ४०० लिटरसाठीचा मोठा. मोठाच घ्यावा असं वाटतं, म्हणजे शेवाळ लवकर जाईल आणि पुढे ब्लू टँगही ठेवता येईल. मात्र पावसात करंट सारखा जातो आणि चवथीला सहा-सात दिवस घर बंद करून मूळ घरी जावं लागतं. कोणता घेऊ?

तिघांतला मधला घ्या. पण आज नको, चार आठवड्यांनी. हे चार आठवडे मागण्याचं कारण असं की तुम्ही स्किमरकडून ज्या दोन गोष्टींची अपेक्षा ठेवली आहे, नायट्रेट उतरवणं आणि टँगसाठी जागा करणं, त्यातली एकही तो करत नाही. ज्या कामासाठी तो खरंच उपयोगी पडतो त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही.

पावसाळ्यात किनाऱ्यावर पिवळसर फेसाचे गोळे वाऱ्याने वाळूवर घरंगळताना तुम्ही पाहिले असतील. स्किमरच्या नळकांड्यात तेच घडतं. पाण्यात विरघळलेल्या काही सेंद्रिय पदार्थांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू हवेच्या बुडबुड्यावर चिकटतात, बुडबुड्यांचा फेस होतो, तो गळ्यातून वर चढतो आणि कपात पडतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात आणि एकमेकांत लवकर मिसळत नाहीत, म्हणून हे यंत्र तिथे चालतं. गोड्या पाण्याच्या छोट्या टाकीत जवळजवळ चालत नाही. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, झोआंचा चिकट स्राव यांतलं जे बुडबुड्याला चिकटतं ते कुजण्याआधीच बाहेर निघतं. पण एकदा कुजून त्याचं नायट्रेट झालं की ते बुडबुड्याला चिकटत नाही. तुमच्या पाण्यात आज जे ४० आहे ते कितीही मोठा स्किमर लावला तरी कपात येणार नाही.

जे चिकटतं तेही सगळं निघतं असं नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९-१० च्या सुमारास वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर मोजून पाहिले. टाकीच्या पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच स्किमर बाहेर काढू शकतो, असं त्यांना आढळलं. महागडा स्किमर घेतला म्हणजे पाणी कित्येक पट स्वच्छ होईल, हा हिशेब म्हणूनच लागू पडत नाही.

आता तुमचं पाणी मोजू. २४ × १५ × १५ इंच म्हणजे काठोकाठ ८८ लिटर. वरचे दोन इंच रिकामे ठेवले की सुमारे १२ लिटर गेले; काच, दगड आणि वाळू यांचे आणखी दहा-बारा. खरं पाणी राहतं ६५ लिटरच्या आसपास. पुढचा प्रत्येक आकडा या ६५ वर धरा, ८८ वर नव्हे. औषधाची मात्रा चुकते ती बहुतेक वेळा इथेच.

शेवाळाचं मूळ मला दोन ठिकाणी दिसतं. एक, दीड-दोन महिन्यांनी पाणी बदलणं. दुसरं, पाणी कुठून येतं. वागातोरला शापोरा नदीचं मुख अगदी जवळ आहे. मे महिन्यात तिथलं पाणी बऱ्यापैकी खारं असतं, पण जून ते सप्टेंबरमध्ये नदीच्या पुराचं गोडं पाणी, गाळ आणि शेतांतून वाहून आलेलं खत त्यात मिसळतं. क्षारता एवढी खाली येते की थेट टाकीत घातलं तर सगळ्यात आधी श्रिंप मरतो. किनाऱ्याचंच पाणी वापरायचं असेल तर ते पाऊस सुरू होण्याआधी, भरतीच्या वेळी, नदीच्या मुखापासून लांबच्या किनाऱ्यावरून घ्यावं, बारीक कपड्यातून गाळावं, अंधारात दोन आठवडे साठवावं आणि वापरण्याआधी त्याचंही नायट्रेट तपासावं. पण ६५ लिटरच्या टाकीसाठी एवढी यातायात कशाला? मिठाचं पाकीट आणि आरओचं पाणी बारा महिने सारखंच मिळतं.

आरओबद्दलही एक शंका आहे. घरातल्या पिण्याच्या आरओमध्ये बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. म्हणजे गाळलेल्या पाण्यात पुन्हा थोडं न गाळलेलं पाणी किंवा क्षार मिसळतात. पिण्यासाठी ते ठीक, टाकीसाठी नाही. रोज दीड लिटर वाफ होते आणि तिच्या जागी तुम्ही असं पाणी घालता, तेव्हा वाफ निघून जाते आणि पाण्यातलं बाकी सगळं टाकीत साठत राहतं. टीडीएस मीटर विकत घ्या, तो स्वस्त असतो. घरच्या आरओचं पाणी ४० किंवा ६० दाखवत असेल तर आरओवाल्याला सांगून मेम्ब्रेननंतर आणि कंट्रोलर-मिनरलच्या आधी एक टी-जोड काढून घ्या आणि त्या नळीवर डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी बसवा. पाणी ० दाखवायला लागलं की ते टाकीचं. पुन्हा २-३ दिसू लागलं की रेझिन बदलायचं.

मग चार आठवडे असे करा. दर आठवड्याला १३ लिटर पाणी बदला, म्हणजे २० टक्के. समुद्राचं मीठ लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, नेमकं प्रमाण पाकिटावर पाहा. बादलीत छोटा पंप लावून रात्रभर फिरू द्या आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या मीटरवर, १.०२५ ते १.०२६ आलं की वापरा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ क्षारतेच्या (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) कॅलिब्रेशन द्रावणावर लावून घ्या. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य केलेला मीटर ३५ वर चुकलेला असू शकतो. जुनं पाणी काढताना नळीच्या तोंडाशी टूथब्रश धरून दगडावरचं शेवाळ घासा, म्हणजे सुटलेले तुकडे नळीतून बाहेर जातात. लाइट आठ तासांवर आणा. फ्रोझन खाणं देत असाल तर आधी वितळवून, गाळणीत धुऊन, त्याचं पाणी टाकून मगच द्या.

नवीन नायट्रेट तयार झालंच नाही असं धरलं तर ४० चे ३२, मग २६, २०, १६ होतील. प्रत्यक्षात मासे रोज भर घालतात, म्हणून चौथ्या आठवड्यात २० च्या जवळ थांबलात तरी काम बरोबर चाललंय असं समजा. मोजण्याआधी नायट्रेट किटच्या बाटल्या पत्रकात लिहिलंय तेवढा वेळ जोरात हलवा. काही किटांतल्या एका बाटलीत पूड तळाशी बसते, आणि ती नीट मिसळली नाही तर आकडा खोटा कमी येतो. शून्यावर आणायच्या मागे लागू नका. झोआ आणि मशरूमना ५ ते १५ नायट्रेट चालतं. अगदी शून्यावर ते आक्रसतात आणि वाळूवर तपकिरी चिकट थर येऊ लागतो, तो शेवाळापेक्षा जास्त छळतो.

चार आठवड्यांनंतर हे पाणी बदलणं तुम्हाला अंगवळणी पडलं असेल, आणि दोन क्लाउन, एक डॅमसेल एवढ्यावरच थांबणार असाल, तर स्किमर न घेताही ही टाकी वर्षानुवर्षं नीट चालेल. "स्किमरशिवाय टिकत नाही" हे मोठ्या, माशांनी भरलेल्या टाक्यांबद्दल खरं असू शकतं. दोनशे लिटरचं पाणी दर आठवड्याला बदलणं जिवावर येतं, तेरा लिटर म्हणजे एक बादली. त्याच जागी मागे एक छोटा हँग-ऑन डबा टांगून त्यात केटोमॉर्फा या समुद्री शेवाळाचा गुच्छ आणि वर लहान दिवा ठेवला तर तो नायट्रेट खरोखर शोषतो, जे स्किमर करत नाही. शेवाळ ही तुमची एकमेव तक्रार असती तर मी हाच पर्याय सुचवला असता.

तरीही मधला स्किमर घ्या म्हणतो, ते प्राणवायूसाठी.

३५ क्षारतेच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३० अंशांना सुमारे ६.२. फरक फार वाटत नाही, पण उष्णतेने माशांची आणि जिवाणूंची प्राणवायूची गरज त्याच वेळी वाढते. रात्री दिवा बंद असताना शेवाळही प्राणवायूच ओढतं. एप्रिल-मेमध्ये बंद फ्लॅटमधली टाकी ३० च्या वर सहज जाते, आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेताना दिसतात ते यामुळे. स्किमर प्रत्येक तासाला कित्येक लिटर हवा पाण्यातून घुसळतो आणि पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्राही ओढून घेतो. शिवाय एखादा आठवडा पाणी बदलायचं राहिलं तर तो तेवढा अवधी मिळवून देतो. तुमच्या टाकीला त्याचा खरा फायदा हा आहे.

तीन पर्यायांकडे वळू. एअरस्टोनचा स्किमर वाईट नसतो. लाकडी स्टोनमधून निघणारे बुडबुडे अतिशय बारीक असतात आणि तत्त्व तेच आहे. पण स्टोन काही आठवड्यांत खाऱ्या पाण्याने फुगून-चोंदून जातो, बुडबुडे मोठे होतात, फेस बसतो. सुटे स्टोन गोव्यात दरवेळी हाताशी मिळतील असं नाही. वर एअर पंप वेगळा, त्याची घरघर वेगळी. आणि करंट गेला की नळीतून पाणी उलटं पंपाकडे येतं. त्यासाठी नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावाच लागतो, किंवा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा लागतो. महिन्या-महिन्याला स्टोन बदलण्याची तुमची तयारी असेल तरच हा घ्या.

४०० लिटरवाला तुमच्या टाकीत उपाशी राहील. फेस गळ्यात टिकून वर चढायचा तर पाण्यात पुरेसा मैला सतत यावा लागतो. तीन माशांचा मैला मोठ्या नळकांड्यात विखुरतो, फेसाचा थर गळ्याच्या खालीच फुटत राहतो, आणि दोन-तीन दिवस कोरडा राहिलेला कप खाणं दिल्यावर अचानक भरून येतो. त्याचा पंपही मोठा, म्हणजे जास्त वॅट, आणि पाण्यात बुडालेल्या पंपाची सगळी उष्णता त्या ६५ लिटरमध्येच जाते. मे महिन्यात तुम्हाला ते नकोच आहे.

बॉक्सवरचा लिटरचा आकडा विरळ मासे असलेल्या टाकीसाठी लिहिलेला असतो, त्याचा अर्धा धरावा. १५० चा अर्धा ७५. तुमच्या ६५ ला बरोबर बसतो. टाकीचं पाणी तासाला एक-दोनदा त्यातून गेलं तरी पुरे. एवढ्या आकारात निडल व्हील, म्हणजे काटेरी पंख्याचा पंप, हवा आणि पाणी एकत्र ओढून कापतो. वेगळा एअर पंप लागत नाही. विकत घेताना पंपाचा पंखा आणि त्याची दांडी सुटी मिळते का, हे दुकानदाराला आधीच विचारा. दोन वर्षांनी हाच भाग झिजतो, आणि तो मिळाला नाही तर सगळा स्किमर अडगळीत जातो.

पैसे देण्याआधी घरी खोक्याचा पुठ्ठा कापून स्किमरच्या मापाचा डबा करा आणि टाकीला टांगून पाहा. बऱ्याच चुका याच पुठ्ठ्यावर कळतात. टाकी आणि भिंत यांत साधारण १० ते १५ सेंटिमीटर अंतर लागतं. भरलेली टाकी सरकवता येत नाही, त्यामुळे हे आधीच कळलेलं बरं. काच किती मिलिमीटर आहे आणि वरच्या काठाला आडवी पट्टी चिकटवलेली आहे का, ते पाहा. पट्टी असेल तर काही स्किमरांचा टांगायचा हूक तिच्यावर बसतच नाही. कप वर उचलून काढायला किती उंची लागते? वर शेल्फ असेल किंवा दिव्याचा स्टँड मध्ये येत असेल तर तुम्ही कप धुणं टाळायला लागाल, आणि न धुतलेला स्किमर म्हणजे विजेचा खर्च. पाण्याने भरलेल्या डब्याचं वजन काही किलो होतं, म्हणून खाली काचेला टेकणारा स्क्रू असलेलाच घ्या. डबा वाकडा लटकला तर फेस एका बाजूने चढतो. मागे अजिबात जागा नसेल तर टुंझे ९००४ सारखे टाकीच्या आत बसणारे स्किमरही असतात, पण २४ इंचांच्या टाकीत ते डोळ्यांसमोर राहतात.

आणखी दोन बाबी. पाणी पृष्ठभागावरून ओढणारं तोंड असेल तर उत्तम, कारण मैल्याचा पापुद्रा तिथेच असतो. आणि परतीचं पाणी जिथून टाकीत पडतं तिथे बारीक बुडबुडे अडवायला स्पंज असतो. हा स्पंज दोन-तीन दिवसांनी पिळला नाही तर दोन गोष्टी होतात. त्यात अडकलेला मैला कुजून नायट्रेट वाढवतो, आणि चोंदला की पाणी डब्याच्या काठावरून बाहेर येऊन फरशीवर सांडतं. हँग-ऑन स्किमरने हॉलमध्ये पाणी केल्याच्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा हा स्पंजच असतो. बुडबुडे दोन आठवड्यांत आपोआप कमी झाले की स्पंज काढून टाका.

नवीन स्किमर टाकीला लावण्याआधी बादलीत पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तासभर चालवा, मग साध्या पाण्याने धुवा. कारखान्यातलं तेल प्लॅस्टिकवर राहिलेलं असतं. त्यानंतरही पहिला आठवडा, कधी दोन, फेस नीट येत नाही. आतल्या भिंतींवर जैविक थर बसल्यावरच तो स्थिर होतो. या काळात रोज नॉब फिरवत बसू नका. पाणी आणि फेस यांची सीमा गळ्याच्या तळाशी दिसेल अशी ठेवा, किंचित फिरवा आणि एक दिवस थांबा.

कपातला माल चहासारखा पातळ असेल तर स्किमर ओला चाललाय, काळपट आणि दाट असेल तर कोरडा. तुमच्या टाकीला मधला, थोडा कोरड्याकडे झुकलेला बरा, आणि त्याला कारण आहे. समजा कपात रोज २०० मिलिलिटर पातळ पाणी पडतंय. त्यात सुमारे ७ ग्रॅम मीठ गेलं, आणि तुम्ही त्या जागी गोडं पाणी घातलंत. आठवड्यात ४९ ग्रॅम. तुमच्या टाकीतलं एकूण मीठ सव्वादोन किलोच्या आसपास, म्हणजे आठवड्याला दोन टक्के घट. ३५ चं ३४.३, महिन्याभरात ३२ च्या जवळ. मोठ्या टाकीत हे लक्षात येत नाही, ६५ लिटरमध्ये श्रिंपला ते जाणवतं.

पाण्याची पातळी हा हँग-ऑनचा सगळ्यात नाजूक मुद्दा. पातळी एक-दोन सेंटिमीटर उतरली की पंपाला पाणी जास्त उंच चढवावं लागतं, प्रवाह घटतो, फेस खाली जातो. मग तुम्ही नॉब उघडता. संध्याकाळी टॉप-अप करता, पातळी चढते आणि रात्रीत कप भरून वाहतो. म्हणून काचेवर बाहेरून एक बारीक पट्टी चिकटवा आणि रोज ठरलेल्या वेळी त्या खुणेपर्यंतच पाणी भरा. पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा ऑटो टॉप-अप बसवलात तर आणखी चांगलं. माझ्या मते हा खर्च मोठ्या स्किमरपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे.

गळ्याच्या आतला चिकट थर दोन-तीन दिवसांनी ओल्या कपड्याने पुसा. हा थर फेस फोडतो. आठवड्याला कप साध्या पाण्याने धुवा, साबण अजिबात नको. दोन-तीन महिन्यांनी पंप सोडवून व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा, काट्यांमधला चुना सुटतो. बुडबुडे हळूहळू कमी होत गेले तर पंप बिघडला असं समजण्याआधी हवेची नळी तपासा: तिच्या तोंडाशी मीठ साठतं, कोमट आरओचं पाणी ओढू दिलं की ते विरघळतं. फेस अचानक गायब झाला तर बहुधा खाण्यातलं तेल किंवा हाताला लागलेलं खोबरेल कारण असतं, काही तासांत परत येतो. अचानक उफाळला तर पाण्यात नवीन काय पडलं ते आठवा: कोरल चिकटवायची पुट्टी, औषध, किंवा क्लोरीन काढायचं कोरफडीचा अंश असलेलं कंडिशनर. अशा वेळी कप रिकामा करून स्किमर बंद ठेवा आणि एअरस्टोन सोडा.

एक गोष्ट बॉक्सवर कुठेच लिहिलेली नसते. स्किमर तुमच्या हॉलमधलीच हवा पाण्यात मिसळतो. डासांची कॉइल, लिक्विड व्हेपोरायझर, झुरळांचा स्प्रे यांतली कीटकनाशकं माशांना घातक आहेत आणि श्रिंपला तर फारच. धूप, अगरबत्ती, चवथीआधी घराला लावलेल्या रंगाचा वास, सगळं त्याच नळीतून जातं. हवेची नळी लांब करून खिडकीबाहेर, पाऊस न लागेल अशी सोडा. बंद एसीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच ७.८ च्या खाली येत असेल तर त्यालाही याच नळीचा उपयोग होतो. रंगकाम चालू असेल तेव्हा स्किमर बंद ठेवून खिडक्या उघड्या ठेवा.

करंटबद्दल. इन्व्हर्टरवर पहिला हक्क वेव्हमेकरचा (टाकीतलं पाणी हलवणाऱ्या पंपाचा), स्किमरचा दुसरा, दिव्याचा नाही. पृष्ठभाग हलत राहिला तर प्राणवायू मिळत राहतो. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर छोटे एसी पंप त्यावर गुणगुणतात आणि तापतात. साइन वेव्ह हवा. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. करंट परत आला की काही छोटे पंप सुरूच होत नाहीत, नुसते थरथरतात. एकदा प्लग काढून लावला की बहुधा चालतात, सारखं होत असेल तर पंखा साफ करायची वेळ झाली. स्किमर पुन्हा सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं फेस उसळतो, म्हणून कप कधीही काठोकाठ भरू देऊ नका. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर स्किमरच्या आधी तो बसवून घ्या. खारं पाणी, दमट हवा आणि वीज एकत्र असताना ही तडजोड करण्याची गोष्ट नाही.

उन्हाळ्यात काचेच्या काठावर लावलेला छोटा पंखा तापमान एक-दोन अंशांनी उतरवतो, पण त्याने वाफ वाढते, म्हणजे टॉप-अपही. जुलैच्या दमट हवेत तोच पंखा फारसा उपयोगी पडत नाही. तेव्हा उकाडाही कमी असतो.

ब्लू टँगला माझं उत्तर नाही असं आहे. तो मासा पूर्ण वाढला की ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि दिवसभर लांब पोहतो. तुमच्या टाकीची लांबीच ६० सेंटिमीटर आहे. स्किमर मैला काढतो, जागा वाढवत नाही. रंगासाठी आणखी एक मासा हवाच असेल तर एखादा छोटा गोबी पाहा, तोही नायट्रेट तीन महिने स्थिर राहिल्यावर. आणि ग्रांद बेटाजवळ किंवा कुठल्याही किनाऱ्यावर दिसलेला कोरल, कोरल चिकटलेला दगड किंवा समुद्री घोडा टाकीत आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्यांना सर्वोच्च दर्जाचं संरक्षण आहे.

राहिली चवथ. सहा-सात दिवस घर बंद राहणार, तेव्हा जायच्या तीन दिवस आधी पाणी बदला, आदल्या दिवशी नाही. ताज्या पाण्यात स्किमर कधी कधी उसळतो आणि तो शांत झालेला तुम्हाला पाहायला मिळायला हवा. कप आणि गळा धुऊन नॉब एक पायरी कोरड्याकडे आणा. कपाला निचऱ्याची नळी असेल तर ती पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडा, झाकणाला हवेसाठी बारीक भोक ठेवा. स्किमर बंद करून जाऊ नका, बंद घरात उकाडा असतो. टॉप-अपची टाकी भरा. ऑटो टॉप-अप नसेल तर शेजाऱ्यांना एक दिवसाआड काचेवरची पट्टी दाखवून त्या खुणेपर्यंत पाणी ओतायला सांगा. खाण्याच्या कागदी पुड्या बांधून, वार लिहून ठेवा, एका वेळेची एक पुडी, एक दिवसाआड. मूळ डबा कपाटात ठेवून कुलूप लावा. शेजारी प्रेमाने जास्त घालतात आणि परत येईपर्यंत नायट्रेट पुन्हा ४० झालेलं असतं.